गोठ्यातली गादी

सुभद्राने जन्मभर ज्या गोठ्यातलं शेण काढलं, त्याच गोठ्याची सुदेशने, तिच्या मुलाने, भाडं देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी एसीची आलिशान खोली केली. "आये, पयल्यांदा तूच निजशीत," असं तो म्हणाला होता. म्हणून ती न्हाऊन, धुवट लुगडं नेसून गादीवर आडवी झाली. डोळा लागतो तोच सुदेशने दंडाला धरून उठवलं.

"भायर चल! पावणे इले. चादरीक तुझो वास लागतलो."

"या कोण?" दारातून पुण्याहून आलेल्या पाहुण्या बाईंनी विचारलं.

"कामाला आहेत. चादर बदलतायत."

सुभद्राने खरोखरच चादर बदलली, हाताने सुरकुत्या मोडल्या.

"किती मायेने करता हो!"

"सवय आसा, बाय," खोलीभर नजर फिरवून सुदेशकडे बघत ती म्हणाली. "हयसर मी जनावरांचांच करत इलंय."

तेव्हापासून सुदेश तिला पाहुण्यांसमोर येऊ देत नाही.