बजावणी न करता परत

"हीच माझी बहीण, शालन. द्या तिला समन्स आन् व्हा मोकळं," दत्तात्रयराव म्हणाले.

ओसरीवर पदर पुढे ओढून एक बाई उभी होती. आमच्या बेलिफ सुजाताबाई पिशवीतून समन्स काढता काढता थांबल्या.

मी दिवाणी कोर्टात नाझर आहे. समन्स, नोटिसा पोचवणाऱ्या बेलिफांचं काम माझ्या देखरेखीखाली चालतं. अधूनमधून त्यांच्याबरोबर जाऊन तपासणीही करावी लागते. त्या दिवशी इंदापूर तालुक्यातल्या या वस्तीवर मी त्यासाठीच गेलो होतो.

दावा दत्तात्रयरावांनीच लावलेला. वडिलांच्या जमिनीतला हिस्सा बहिणीने तोंडी सोडला आहे, असं कोर्टाने जाहीर करावं, ही मागणी. समन्स मिळूनही बहीण हजर झाली नाही, तर निकाल एकतर्फी लागू शकतो. म्हणजे तिचं म्हणणं न ऐकताच.

सुजाताबाई नुकत्याच ट्रेनिंग करून आल्या होत्या. मोबाईलवर फोटो आणि लोकेशन कसं नोंदवायचं, हे तिथे शिकवलं होतं. शिवाय एक गोष्ट बजावून सांगितली होती. दावा लावणाऱ्याने माणूस दाखवला, तरी खात्री आपली आपण करायची.

त्या ओसरीवर टेकल्या. पाणी मागितलं. मग सहज विचारलं, "ताई, तुमच्या आई कुठं दिसत नाहीत?"

"आत्याबाई व्हय? मळ्यात गेल्यात."

सुजाताबाईंनी तांब्या खाली ठेवला. आमच्याकडे सुना सासूला आत्याबाई म्हणतात. लेक आईला आईच म्हणते.

"तुम्ही या घरच्या सूनबाई ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

दत्तात्रयराव उसळले. "तुमाला काय करायचंय? मी सांगतोय न्हवं, बहीण हाय म्हून! जजसाहेबांकडं तक्रार करीन तुमची."

"जरूर करा, दादा. पण खोटी सही झाली तर कोर्ट यांनाच विचारेल. तुम्ही त्या वेळी शेजारी उभे राहाल का?"

आवाज चढलेला नव्हता. मी मध्ये पडायच्या तयारीत होतो, पण गरज पडली नाही. त्या बाईंनीच पदर मागे सारला.

"वन्सं वालचंदनगरला ऱ्हात्यात," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "मी त्यांच्या नावाची सही करणार न्हाय."

नवऱ्यासमोर हे बोलायला काय लागतं, ते मी गावातच वाढल्यामुळे जाणतो. सुजाताबाईंनी तिथेच बसून रिपोर्ट लिहिला: दाखवलेली स्त्री प्रतिवादी नाही, सबब बजावणी केली नाही. निघताना त्या बाईंचा हात धरून म्हणाल्या, "काही त्रास झाला तर कोर्टात येऊन मला भेटा."

तक्रार खरंच आली. न्यायाधीशांनी तक्रारीबरोबर रिपोर्टही वाचला. मग दत्तात्रयरावांकडूनच खुलासा मागितला आणि बहिणीचा खरा पत्ता द्यायला लावला.

नवं समन्स घेऊन सुजाताबाई वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये गेल्या. मीही होतो. शालनताई कणीक मळत होत्या. हात धुऊन त्यांनी कागद वाचला आणि तिथेच खाली बसल्या.

"दादानं? माझ्यावर केस?"

सुजाताबाईंनी त्यांना सावरू दिलं. मग तारीख समजावली. वकील परवडत नसेल तर कोर्टातून मोफत मिळतो, तेही सांगितलं. त्यापुढे सल्ला दिला नाही. तो बेलिफाने द्यायचा नसतो.

तारखेला शालनताई हजर राहिल्या. हिस्सा आपण कधीच सोडला नव्हता, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढे मध्यस्थीत तडजोड झाली आणि जमीन दोघांच्या नावावर राहिली. भाऊबहीण अजून एकमेकांशी बोलत नाहीत. नणंद-भावजय मात्र बोलतात, असं कानावर आलं.

आमच्या महिन्याच्या तक्त्यात ते पहिलं समन्स 'बजावणी झाली नाही' या रकान्यात गेलं, म्हणजे सुजाताबाईंच्या कामात उणंच धरलं गेलं. तिथे शाबासकीचा रकाना नाही. म्हणून नवा बेलिफ रुजू झाला की मी त्याला सुजाताबाईंबरोबर पाठवतो. जाताना एवढंच सांगतो, शंका आली तर समन्स परत आणा, तक्त्याचं मी बघतो.