बाप पुढे का चालतो?

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, दुपारचे दोन. बारामतीतल्या लॉजच्या पलंगावर सकाळच्या शोचे फॉर्म पसरून मी त्यांचे गठ्ठे लावत होते. म्हणजे लावायचा प्रयत्न करत होते. गठ्ठा एकच होत होता. सत्तर फॉर्म, सगळ्यांवर पाचपैकी पाच.

मी वीस वर्षं प्रेक्षकांची मतं गोळा करते. सिनेमा पूर्ण होण्याआधी तो थोड्या लोकांना फुकट दाखवायचा, त्यांच्याकडून फॉर्म भरून घ्यायचा आणि निर्मात्याला रिपोर्ट द्यायचा. याला टेस्ट स्क्रीनिंग म्हणतात. लोकांना सिनेमा आवडतो, नाही आवडत. पण सत्तर जणांना तो एकसारखा आवडलाय, असं मी कधी पाहिलं नव्हतं. लग्नातल्या जेवणाबद्दलही एवढं एकमत नसतं.

सिनेमा विज्ञानकथेचा होता. हवा विषारी झालीय. बाप आणि बारा वर्षांचा मुलगा डोंगरापलीकडच्या छावणीकडे पायी निघालेत. मास्क दोन, त्यातल्या एकाचा फिल्टर संपत आलेला. शेवटी बाप चांगला मास्क झोपलेल्या मुलाच्या उशाशी ठेवतो आणि निघून जातो. मुलगा उठतो, एकटा चालायला लागतो.

याआधी पुण्यात झालेल्या शोला काही जणांनी फॉर्मवर ‘शेवट पटला नाही’ असं लिहिलं होतं. का, ते कुणालाच सांगता आलं नव्हतं. दिग्दर्शक निखिल याच गोष्टीनं हैराण होता. त्याचा हा पहिला सिनेमा, चार वर्षं त्यातच गेलेली. सोमवारी दुपारी एडिट लॉक होणार होतं. लॉक झालं की एक फ्रेमही हलवता येत नाही.

निर्मात्यांचा फोन आला.

“पाचपैकी पाच? मग झालं की. रिपोर्ट पाठवा, आजच लॉक करतो.”

“रिपोर्ट सोमवारी सकाळी मिळेल. उद्या इंदापूरला शो आहे.”

“अहो, तिकडेही तेच येणार.”

“तीच तर भीती आहे,” मी म्हटलं.

निखिल खुर्चीत बसून ऐकत होता. “ताई, लोक खोटं बोलतायत का?”

“बघू,” म्हटलं आणि सुमनताईंना फोन लावला. कन्हेरीच्या महिला मंडळाच्या तीस जणी त्यांनीच आणल्या होत्या.

“सुमनताई, सिनेमा खरंच कसा वाटला?”

“झ्याक हाय की.”

“कुठं खटकलं?”

“न्हाय बा.” मग म्हणाल्या, “मॅडम, तुमी दारात हुभं राहून आमाला वडापाव दिला, च्या पाजला. पोटात तुमचा वडा, हातात तुमचाच पेन. त्याच पेनानं तुमाला नावं ठेवायची व्हय?”

म्हणजे चूक माझी होती. मुंबईत आम्ही आधी खायला देतो, नाहीतर लोक मध्येच उठून जातात. इथे मी खायला दिलं आणि सत्तर प्रेक्षकांचे सत्तर पाहुणे झाले.

रविवारी इंदापूरला क्रम उलटा केला. आधी बोलणं, मग वडा. गुणांचा रकाना काढून टाकला. एकच प्रश्न ठेवला: त्या बापाच्या जागी तुम्ही असता तर काय वेगळं केलं असतं? बापाला नावं ठेवली तर माझा अपमान होत नाही, असा माझा हिशोब. निखिलला मागे बसवलं आणि ओळख सांगायची नाही अशी ताकीद दिली.

शो संपल्यावर थिएटरच्या पार्किंगमध्ये खुर्च्या गोल मांडल्या. मी प्रश्न वाचून दाखवला. मग अंथुर्ण्याहून आलेल्या म्हाकूआबांनी टोपी सारखी केली.

“ह्यो बाप येडा हाय.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते वाक्य वहीत तसंच लिहून घेतलं. “का हो, आबा?”

“सगळ्या पिच्चरभर ह्योच म्होरं चालतुय. पोरगं मागं. पोराला दिसतं काय? बापाची पाठ.”

“मग काय करायला हवं होतं?”

“आमची मेंढरं दिवाळी झाली की कोकणात जायची. पयल्या साली बाप म्होरं. दुसऱ्या साली त्याच वाटेनं पोरगं म्होरं, बाप मागं. चुकलं तर चुकू द्यायचं. लईच लांब गेलं की हाळी द्यायची. ह्यानं पोराला मास्क दिला, ब्येस केलं. पर वाट कुणी द्यायची?”

“तर काय,” शेजारच्या बाई म्हणाल्या. “आमचं मालक तसलंच. हिरीवरली मोटार कुठनं चालू करायची ते मला अजून ठावं न्हाय.”

“हिला दोनदा दावलीया,” मालक पलीकडून म्हणाले.

“लाईट नव्हती तवा दावली.”

हसू ओसरल्यावर एक शिक्षक म्हणाले, पुढे विषारी हवा असली तर आधी आपल्याला लागावी म्हणून बाप पुढे चालतो.

“ऱ्हाऊ द्या की गुरुजी,” आबा म्हणाले. “मग पोरगं एकटं निघालं तवा ती हवा कुठं गेली?”

“ते दिग्दर्शकाला विचारा,” गुरुजी म्हणाले. मागे बसलेला निखिल बुटाची नाडी बांधायला लागला.

त्यानंतर वडे वाटले. आबांनी दोन खाल्ले, हात पुसला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, “पिच्चर ग्वाड हाय बरं का. कुणी इचारलं तर पाच ल्ह्या.”

परतताना गाडीत निखिल लॅपटॉपवर जुने शॉट शोधत होता. भिगवण रस्त्याला लागल्यावर म्हणाला, “मुलगा पुढे चालतोय असे दोन शॉट आहेत माझ्याकडे. त्या दिवशी बापाचं काम करणाऱ्या नटाचा पाय मुरगळला होता, तो मागे पडला. चुकीचे म्हणून मी काढून टाकले.”

“कुठे बसतील?”

“शेवटच्या मुक्कामाआधी. पण दोन दिवस लागतील.”

‘आवडलं का?’ असं विचारलं की माणूस पाहुण्यासारखा वागतो. ‘तुम्ही काय केलं असतं?’ असं विचारलं की घरच्यासारखा भांडतो. हे कळायला मला वीस वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी अर्ध्या पानाचा रिपोर्ट पाठवला. बारामतीचे गुण धरू नयेत, पद्धत माझी चुकली, असं पहिल्याच ओळीत लिहिलं; खाली आबांचा प्रश्न आणि दोन दिवसांची मागणी. दहा मिनिटांत निर्मात्यांचा फोन.

“सत्तर जणांचे पाच फेकून द्यायचे आणि एका म्हाताऱ्याचं ऐकायचं?”

“त्या म्हाताऱ्याला उत्तर देता येत असेल तर लॉक करा,” मी म्हटलं. “आम्हाला कुणालाच आलं नाही.”

“बुधवारपर्यंत. पुढे एक तास मिळणार नाही.”

हे सांगायला मी निखिलला फोन केला. तो सहापासूनच लॅपटॉप उघडून बसला होता.

“पुढे कोण चालतंय?” मी विचारलं.

“मुलगा,” तो म्हणाला. “आणि बाप थकलेला दिसतोय.”