डावीकडे कलणारी गाडी

"बाईंना उजवीकडे बसवा हो, नाहीतर एक दिवस गाडी खाडीत जायची."

पुढच्या सीटवरून हे हळू आवाजात आलं, पण मागे आम्हाला ऐकू जाईल इतपत. बोलणारे कचेरीतले कारकून होते. झाईहून रोज आमच्या गाडीने डहाणूला जायचे आणि पुढची, डाव्या खिडकीकडची जागा त्यांचीच असे. गाडी चालवणारे बाबा समोर रस्त्याकडे बघत राहिले. मागे डाव्या कोपऱ्यात आत्या होती आणि तिच्या शेजारी मी. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, अंगाने चांगली भरलेली, डहाणूच्या बाजारात मासळी विकणारी. तिने पदर सावरला आणि मोठ्याने सांगितलं, "भाऊसाहेब, मी बाई आहे, मिठाचं पोतं नाही." सगळे हसले. तीही हसली. पण तिचा हात माझ्या हातावर होता आणि तो घट्ट झालेला मला कळला.

गाडी डावीकडे कलत होती हे खरं. बाबांनी ती एका पारशी बागायतदाराकडून घेतली होती. जुनी विलायती गाडी, बाहेरून अजून देखणी. होडी सोडून टॅक्सीवर आलेले आमच्या पाड्यातले ते पहिलेच. रोजची फेरी डहाणूची, आणि लग्नाचं भाडं मिळालं तर तलासरी, झरीपर्यंत. त्या वर्षी पावसाळा संपला आणि गाडीची डावी बाजू खाली बसली. डहाणूच्या मिस्त्रीने मागच्या डाव्या कमानीत, म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक जास्तीचा पाटा घातला. कलणं कमी झालं, गेलं नाही. मग सगळ्यांची खात्रीच झाली की नवा पाटासुद्धा आत्याच्या वजनाने दबला.

आमच्या लोकांना हे पटायला वेळ लागला नाही. होडी जिकडे कलते तिकडे वजन जास्त, हे आमच्याकडे लहान मूलही जाणतं. वजन सरकवायचं, होडी सरळ होते. बाबांनी आत्याला आधी उजवीकडे बसवून पाहिलं. फरक पडला नाही, तेव्हा एका संध्याकाळी ते ओट्यावर तिच्याजवळ बसले आणि खाली बघत म्हणाले, "बाय, थोडे दिवस एसटीने जा."

एसटीत ओल्या मासळीची पाटी चढवू देत नसत. हे दोघांनाही ठाऊक होतं. एसटीने जायचं म्हणजे डहाणूचा बाजार सोडायचा आणि गावातच दारोदार फिरायचं. त्या बाजारात तिची जागा होती, तिची गिऱ्हाइकं होती, गुजराती शेठाणी आली की ती फर्डं गुजराती बोलायची. मला कॉन्व्हेंटमध्ये घालायचा हट्टही तिचाच. ती एवढंच म्हणाली, "बघू सोमवारपासून."

मी आत ऐकत होते. मी तेव्हा मुंबईचं बोर्डिंग संपवून घरी आले होते आणि डहाणूला टायपिंग शिकत होते. पाड्यात मला मडम म्हणायचे. चार माणसांत मराठी वाक्य जुळवेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं, म्हणून मी गप्प राहायचे आणि बघत बसायचे.

त्या रात्री मला शाळेतलं आमचं डेस्क आठवलं. ते डुगडुगायचं. आम्ही एका कोपऱ्याखाली घड्या घालून कागद सरकवायचो आणि आखूड पाय निघायचा भलताच. गाडी होडीसारखी पाण्यावर नसते, ती चार पायांवर उभी असते. दिसतं एकीकडे, दुखतं दुसरीकडे, असं होऊ शकतं. तिपाई मात्र कधी डुगडुगत नाही. म्हणजे गाडीची तिपाई केली तर?

रविवारी सकाळी मी बाबांना सांगितलं, अडखळत, अर्धं इंग्रजीत. त्यांनी मला हाकलून दिलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. गाडी रिकामी केली. चारही चाकांत सारखी हवा भरली. त्या पारशी बागायतदाराच्या बागेत चिकू निवडायच्या शेडमध्ये सिमेंटची जमीन होती, तिथे गाडी नेली. जमीन सपाट आहे का ते पाहायला आत्याने परातीत पाणी भरून ठेवलं. पाणी सगळीकडून काठाला सारखं लागलं. मी चाकापासून मडगार्डच्या कडेपर्यंत बोटांनी मोजत गेले. डावीकडे दोन्ही ठिकाणी अंतर कमी, पुढे थोडं जास्तच कमी.

मग पुढच्या चाकांना दगड लावून मागच्या एक्सलच्या बरोबर मधोमध जॅक लावला; पुढची दोन चाकं आणि जॅक, झाली तिपाई. मागचा भाग असा एकाच जागी तोलून धरला की मागच्या कमानींना गाडी कलवता येत नाही. आता ती सरळ झाली, तर दोष मागे, म्हणजे आत्याच्या बाजूलाच; तशीच राहिली, तर पुढे. बाबा जॅकचा दांडा मारत होते आणि मला वाटत होतं, बोलले नसते तर बरं झालं असतं. मागची चाकं जमिनीवरून सुटली.

गाडी तशीच डावीकडे कललेली राहिली.

बाबा पुढच्या डाव्या चाकाशी आडवे झाले. कमानीवरचा चिखल खरवडला, रॉकेलच्या चिंधीने पुसला. मोठ्या पाट्याखालचा पाटा आडवा तुटला होता, तुटलेल्या कडांवर जुना गंज. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडाला काळं लागलं होतं. त्यांनी आत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाय, तुझी जागा तुझीच." आत्या परातीतलं पाणी फेकत म्हणाली, "ती कुणाच्या बापाची होती?" आणि माझ्या गालावरून आपला ओला हात फिरवला.

मिस्त्रीने पुढचा पाटा बदलला, मागचा जास्तीचा काढला. त्याला बाबांनी ऐटीत सांगितलं की हे मुलीने शोधलं. तो म्हणाला, मग तिला माझ्याकडे कामाला पाठवा. हे बाबांनी महिनाभर सगळ्यांना सांगितलं.

पाटा बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या मागे डावीकडे बसली, मासळीची पाटी गाडीच्या पाठीमागे बांधलेली. कारकून पुढे चढले, वळून पाहिलं आणि म्हणाले, "अरे वा, पुन्हा डावीकडेच? आता हा पाटा किती दिवस टिकतो बघू." बाबांचा हात गिअरवर थांबला. आत्या उत्तर शोधत होती, पण या वेळी माझं वाक्य तिच्याआधी तयार होतं. माझा आवाज मला वाटला होता त्याहून मोठा आला.

"मोडलेला पाटा पुढचा होता भाऊसाहेब, तुमच्या पायाखालचा. तिथे माझी आत्या कधी बसलीच नाही."