दादाची झोप

शेजाऱ्यांच्या फोनवर वहिनींचा आवाज आला, "भावजी, हे उठत नाहीत हो..." बदलापूरहून मी अंबरनाथला पोचलो तोवर सगळं संपलं होतं. माझा थोरला भाऊ रात्रपाळी करून घरी आला, दुपारी झोपला आणि झोपेतच गेला. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. त्याला आता दोन महिने होत आले.

शिवमंदिराच्या बाजूला त्यांची चाळ, सगळी कारखान्यातली माणसं. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा तिथला नियम. दुपारी कुणी कुकरसुद्धा लावायचं नाही. दादाचं घोरणं चार खोल्या पलीकडे ऐकू जायचं आणि आम्ही खूश, घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय! मध्येच घोरणं बंद पडायचं, मग तो गुदमरल्यासारखा दचकायचा आणि पुन्हा सुरू. "गाडी सिग्नलला थांबली वाटतं," म्हणून आम्ही हसायचो.

मग तो मशीनवर उभ्या उभ्या पेंगायला लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेऊन तपासलं. खालचा जबडा लहान, मागे गेलेला. झोपेत जीभ घशाकडे पडते आणि श्वास अडतो. जबडा कापून पुढे आणायचा आणि पाच-सहा आठवडे दात तारेने बांधून ठेवायचे, असं ऑपरेशन त्यांनी सुचवलं. "घोरण्यापायी कुणी हाडं कापून घेतं होय?" आमचे मामा म्हणाले. दादाला मात्र पटलं होतं. तेवढ्यात बेबीचं, त्याच्या मुलीचं, लग्न ठरलं. "मुलीचा बाप मांडवात तोंड बांधून उभा राहणार? पाहुण्यांना या-बसा तरी म्हणायला नको? लग्न होऊन जाऊ दे, मग लगेच जातो." आम्हा सगळ्यांना ते बरोबरच वाटलं... अरे, या-बसा मी म्हटलं असतं, मामांनी म्हटलं असतं! घरात एवढी माणसं असून हे एकालाही सुचू नये, याची मला अजून चीड येते. लग्न दीड महिन्यावर असताना तो गेला.

परवा वहिनींनी कपाटातून पुठ्ठ्याचा एक खोका काढला. आत प्लास्टरचे दात होते. ऑपरेशनच्या तयारीसाठी डॉक्टरांनी दादाच्या तोंडाचा साचा घेतला होता आणि मामांना समजावायला म्हणून तो दादा मागून घेऊन आला होता. पुढचा टवका उडालेला दातसुद्धा हुबेहूब. जबडा कुठवर आणायचा ते कळावं म्हणून खालची बाजू पुढे सरकवून बसवलेली. वहिनी तिच्यावरून बोट फिरवत राहिल्या.

"फोटोला रोज हार घालते," त्या म्हणाल्या. "याचं काय करू, भावजी?"