चांदणीवाल्या मॅडम

सव्विसाव्या वर्षी मी ‘जुन्या मॅडम’ झाले. राजापेठेतल्या आमच्या प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला खेळ आणि आरोग्य शिकवायला माझ्या जोडीला अकोल्याहून आणखी एक मॅडम आल्या. पोरांना आम्हा दोघींना वेगळं ओळखायला काहीतरी हवं होतं. त्या वयानं माझ्याहून मोठ्या होत्या. तरी जुनी मीच.

मी पत्रकांवर वाढलेली. बाबा संघटनेची पत्रकं वाटायचे, आई त्यांच्या घड्या घालायची, आणि मी त्यातल्या जाड मथळ्यांवर वाचायला शिकले. ‘समता’ हा शब्द लवकर आला, कारण त्यात जोडाक्षर नाही. म्हणून माझ्या मैदानावर कुणी बाद होत नाही; पकडलेलं पोर दुसऱ्या बाजूनं खेळतं. नखं पाहायची तर आधी माझी पाहायची. घाण हाताच्या पोराला ओळीबाहेर काढायचं नाही. माझ्या लहानपणी ओळीबाहेर उभ्या असायच्या त्या सगळ्या पोरी आमच्याच वस्तीतल्या असायच्या.

नव्या मॅडमनी असा काही विचार केला नव्हता. त्यांच्याकडे एक निळं स्केचपेन होतं. परिपाठाला ज्याचे हात स्वच्छ, त्याच्या उजव्या हातावर त्या चांदणी काढायच्या. आठवडाभरात पोरं वेडी झाली. मी विषामृत खेळवायला घेतलं की निम्मी पोरं पळता पळता स्वतःचाच हात बघायची.

“मॅडम, तुमाले चांदणी काढता येते का?” एका चिमुरडीनं मला विचारलं.

“येते.”

“मंग काढत काहून नाही? आळस येते का तुमाले?”

त्याच सुमारास मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं, की शनिवारी दप्तर नसतं, तेव्हा लहान पोरांचं मैदान आम्हा दोघींपैकी एकीकडेच द्यायचं, आणि दुसरीनं तिसरी-चौथीची कवायत घ्यायची. महिनाअखेर ठरवते, म्हणाल्या. मला तो शनिवार हवा होता. पहिली-दुसरीची पोरं, मोकळं मैदान, आणि माझे नियम. त्या काळात मला दुसरं काहीच इतकं हवंसं वाटत नव्हतं.

मग एके दिवशी खिचडीच्या सुट्टीत मी नळापाशी उभी होते. एक पोरगी डावा हात मन लावून धूत होती आणि उजवा वर धरून उभी होती.

“तो हात?”

“तो धुतला तं चांदणी जाते ना, मॅडम!”

“माही तं कालची हाये,” मागचा फुशारकीनं म्हणाला.

“माही परवाची! आंघोळीच्या वेळी आईले हातच नाही लावू देला!”

आणि हे सगळे त्याच उजव्या हातानं खिचडी खाणार होते. मला इतका आनंद झाला, की तो लपवायला मला तोंड फिरवावं लागलं. मी थेट बाईंकडे गेले. बक्षिसाच्या लोभानं आरोग्याचा कसा बळी जातो, यावर घरच्या पत्रकासारखंच बोलले. बाईंनी नव्या मॅडमना माझ्यासमोरच बोलावलं. त्यांच्या जागी मी असते तर मुद्दे मांडले असते. त्यांनी दोन-तीन पोरांचे हात उलटसुलट करून पाहिले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

“अरे बापा! मी तं पोट्ट्यायले घाणेरडं करून राहिले!” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बरं झालं बाई तुमी पाह्यलं. मले तं कळलंच नसतं.”

दुसऱ्या दिवशी परिपाठाला त्यांनी सगळ्यांच्या हातावर चांदणी काढली. स्वच्छ, मळका, काही पाहिलं नाही. आणि सांगितलं, जेवायच्या आधी ज्याची चांदणी पुसली जाईल तो जिंकला. नळावर नुसता घासाघासीचा आवाज. पोरं एकमेकांचे हात साबणानं रगडून देत होती. कुणी ओळीबाहेर नाही, कुणी बाद नाही. जे मी वर्षभर सांगत होते ते त्यांनी एका स्केचपेननं करून दाखवलं, आणि ते माझं आहे हे त्यांना माहीतसुद्धा नव्हतं. म्हणजे रागवायचीही सोय राहिली नाही.

त्या संध्याकाळी मी दुकानात जाऊन तसल्याच स्केचपेनचं पाकीट उलटून वाचलं. शाईत काही अपायकारक सापडेल अशी आशा होती. ‘लहान मुलांसाठी सुरक्षित’ असं लिहिलेलं होतं.

शनिवार त्यांना मिळाला. “तुमचं निरीक्षण मात्र चांगलं होतं हं,” बाई मला म्हणाल्या.

पहिल्याच शनिवारी मैदानाच्या त्या अर्ध्यात पहिली-दुसरी चिवचिवत होती, या अर्ध्यात मी चौथीला सावधान-विश्राम देत होते. माना सारख्या तिकडे वळत होत्या.

“समोर पाहा!” मी ओरडले.

“मॅडम,” पहिल्या रांगेतली एक उंच पोरगी शांतपणे म्हणाली, “आमी समोरच पाहून राहिलो. तुमीच तिकडं पाहून राहिल्या.”

मी शिट्टी तोंडात धरली आणि जरुरीपेक्षा जोरात वाजवली.