न मागितलेली माफी

ज्या दयाघन परमेश्वराला माणसे आपापल्या भाषेत हाक मारतात आणि जो कुणाचेही उच्चार सुधारत बसत नाही, त्याला प्रथम वंदन करतो. यासीन मास्टरांना जाऊन चाळीस दिवस झाले; आज त्यांच्या चाळिसाव्याचे जेवण होते. मी माझ्या नेमाप्रमाणे केळी आणि दूध घेतले. मास्टर असते तर म्हणाले असते, "शास्त्रीबुवा, देवानं इतकं रांधून ठेवलं आणि तुम्ही केळीवर अडून राहिले!" घरी आलो आणि लिहावयास बसलो.

यासीन मास्टर मूळचे धुळ्याकडचे. आमच्या पांडेसऱ्यातील एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगविण्याच्या गिरणीत, रंगांच्या मात्रा ठरविण्याचे काम आयुष्यभर त्यांच्याकडे होते. कोणताही रंग ते दिव्याखाली पसंत करीत नसत; कापडाचा तुकडा घेऊन दारात जात, उन्हात धरीत आणि म्हणत, "दिव्याखाली सगळे रंग सज्जन दिसतात भो." ही सवय त्यांनी मिलपुरती ठेवली नाही. आमच्या सोसायटीतील एका लग्नात त्यांनी नवरदेवाचा फेटा उन्हात नेऊन पाहिला आणि मुलीकडच्यांच्या देखत नापसंतीने मान हलवली.

हजला जाण्याचे ठरल्यावर त्यांनी घरोघरी फिरून क्षमा मागण्यास प्रारंभ केला. त्यांच्यात तशी रीतच आहे. माझ्याकडे आले ते टोपी नीट करीत. "कहा-सुना माफ करा, शास्त्रीबुवा. तुम्ही सत्यनारायण सांगत होते, तेव्हा मी मागं बसून झोपलो होतो."

"मास्टर, ते पाप नव्हे. तेथे यजमानही झोपले होते."

ते हसले, पण उठले नाहीत. मग म्हणाले, "देवदानरावांकडं चला माझ्यासंगं. एकट्याचे पाय उचलत नाहीत."

देवदानराव जालन्याकडचे ख्रिस्ती गृहस्थ. त्याच मिलमध्ये रंगाच्या मशीनवर होते. काही वर्षांपूर्वी साड्यांचा एक मोठा लॉट डागाळून निघाला. माप मास्टरांचे चुकले होते. शेठ खवळले, तेव्हा मास्टरांच्या तोंडून निघून गेले की देवदानने मशीन पुरते तापवले नाही. देवदानरावांना लांबच्या पलसाण्याच्या युनिटात पाठविण्यात आले. मास्टरांचे नाव स्वच्छ राहिले.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. देवदानराव प्रार्थनेहून नुकतेच परतले होते. मास्टरांनी बसण्यापूर्वीच हात जोडले. देवदानरावांनी ते हात धरून खाली केले. "आवो मास्टर, तुमाला तर मी कवाच माफ केलंय! हिकडं बसा, च्या घ्या."

मास्टर उभेच. "कवाच म्हणजे? मी मागितली कुठं?"

"मागायला कशाला पाहिजे? प्रभूनं आमच्या पापांचं ओझं आमी मागायच्या आधीच वधस्तंभावर उचललं. मग मी तुमची वाट बघत बसू व्हय?"

"अरे वा! मला न विचारता माझी माफी उरकून टाकली?" मास्टर खरोखर दुखावले होते. "आमच्यात कुणी कुणाचं ओझं उचलत नाही. आपली तौबा आपणच करायची. चुकीचं वाईट वाटलं पाहिजे, ती सोडली पाहिजे, पुन्हा करणार नाही असं ठरवलं पाहिजे. मग अल्लाह माफ करतो. मध्ये कुणी लागत नाही. पण माणसाचं मन दुखवलं असलं, तर आधी त्या माणसाकडं जा. त्यानं सोडल्याबिगर सुटका नाही. तुम्ही तर मला दारातूनच परत पाठवून राहिले!"

"परत कुठं? च्या दिऊन ऱ्हायलो की!"

दोघे माझ्याकडे वळले. "शास्त्रीबुवा, तुमच्याकडं काय सांगतात?"

मी म्हणालो, "आमच्याकडे प्रायश्चित्ताचे इतके प्रकार सांगितले आहेत, की योग्य ते निवडता निवडता माणूस पापच विसरतो."

देवदानराव मोठ्याने हसले. मास्टर हसले नाहीत. त्यांनी विचारले, "देवदानराव, खरं सांगा. त्या दिवशी लागलं होतं का तुम्हाला?"

"छे, छे! ते गेलं वाहून."

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या सुशीलाबाई, म्हणजे देवदानरावांच्या पत्नी, कप ठेवता ठेवता बोलल्या, "वाहून गेलं तर अजून मिलच्या रस्त्यानं का जात नाहीत हे? बाजाराला जायचं तर उधन्याकडून वळसा! अन् रोज रातच्याला प्रार्थनेत म्हणायचं, आमी माफ केलं!"

देवदानरावांनी कप उचलला नाही. चहावर साय धरली. मग मान खाली घालून ते म्हणाले, "बदलीचं नाही वाटलं मास्टर. पोरं मला बघून मशीनला हात लावून बघायची, तापलंय का म्हणून. ते लागलं." आणि मग फारच हळू: "मी तोंडानं माफ केलं व्हतं. प्रभूला बी तेच सांगत आलो. आता मागा तुमी."

मास्टरांनी माफी मागितली. देवदानरावांनी दिली. या वेळी दोघांनाही बराच वेळ लागला. मला वाटले, प्रकरण येथे संपले.

मास्टरांना तसे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसे समोर असताना, त्यांनी शेठच्या देखत सांगितले, "त्या लॉटचं माप माझं चुकलं होतं. देवदानचं मशीन बरोबर होतं." देवदानरावांना त्यांनी आग्रहाने बोलावून घेतले होते. कामगारांमध्ये कुजबुज झाली. एक तरुण ऑपरेटर हसलासुद्धा. देवदानरावांना ते पाहवेना. ते पुढे झाले आणि मास्टरांची बाही धरून म्हणाले, "पुरे ना आता! मी माफ केलं, प्रभूनं केलं, अजून काय पाहिजे तुमाला?"

मास्टरांनी बाही सोडवून घेतली. "तुमचं ओझं तुमच्या प्रभूनं उचललं असंल. माझं मला उचलू द्या ना, देवदानराव."

आणि जे मागच्या रांगेत होते, त्यांना ऐकू आले नसेल म्हणून त्यांनी तेच पुन्हा, अधिक मोठ्याने सांगितले.

वाचकहो, आपल्या घरी कुणाला क्षमा मागण्याचे धैर्य लाभो, कुणाला ती मनापासून देण्याचे सामर्थ्य लाभो, आणि आपल्या कुटुंबात चहा निवण्यापूर्वीच मने मोकळी होवोत. शुभं भवतु.