हवालदार अजून ड्यूटीवर आहे

मोहनदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दोहातल्या वेस्ट बेमधल्या ऑफिसात होते. फोन वहिनीचा, पण तिच्यापेक्षा त्यांच्या पाळलेल्या राजहंसांचाच आवाज मोठा. "सुनंदा, लवकर ये... आणि फाटकातून जपून. हवालदार चवताळलाय." अँब्युलन्सवाल्यांना आत घेण्यासाठी तिला हवालदाराला, म्हणजे राजहंसांतल्या नराला, न्हाणीघरात कोंडावं लागलं होतं. दीड महिना झाला. आता हे हसून सांगता येतं. दादाने तर तेव्हाच हसत सांगितलं असतं.

दादा माझा मामेभाऊ, गुहागरचा. बंदरावर सुरक्षा कॅमेरे बसवणं हे त्याचं काम, आणि स्वतःच्या घरी एकही कॅमेरा नाही. "कॅमेरा चोर गेल्यावर दाखवतो गो. मला आधी सांगणारा हवा." दोहाबाहेर त्यांनी छोटा व्हिला भाड्याने घेतला, पण दादाची रात्रपाळी असली की वहिनीला झोप लागेना. मग त्याने पक्ष्यांच्या बाजारातून राजहंसांची जोडी आणली. मालकाला विचारून भिंतीवर बोगनवेल चढवली आणि खिडक्यांखाली, गावच्या कुंपणाला असते तशी, करवंदाची जाळी लावली. कतारच्या उन्हात ती जगणार नाही, असं मी ठामपणे सांगितलं होतं. ठिबकच्या नळीवर ती कमरेपर्यंत वाढली आणि दरवर्षी मला लोणच्याची बरणी येऊ लागली.

एकदा वहिनी आणि ऋचा, म्हणजे त्यांची मुलगी, भारतात गेल्या होत्या. दादा किल्ली आत विसरला. दुसरी किल्ली माझ्या घरी, दोहात अल सद्दला. मी पोचले तर हा पायरीवर बसलेला, शर्टाची बाही फाटलेली, कोपरापर्यंत ओरखडे. करवंदाच्या काट्यांतून स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरायला गेला होता.

"तुला साधं दार राखता येत नाही," मी म्हटलं.

"अगो, टेस्ट पास झाली! मालकच आत जाऊ शकला नाही, तर चोर काय जाणार?"

हवालदाराशी माझं कधीच जमलं नाही. दर शुक्रवारी त्याला लेट्यूस नेऊन घालायची. तो ते खायचा आणि मग माझ्या ओढणीला चोच घालायचा. "तुझी चौकशी अजून चालू आहे," दादा म्हणायचा.

दादा गेल्यावर सगळ्यांनी, सर्वांत जास्त मी, वहिनीच्या मागे लागून सांगितलं की माझ्या बिल्डिंगमध्ये राहायला ये. ऋचाच्या बारावीला एक वर्ष उरलेलं, वहिनीची शाळेतली नोकरी इथलीच. एवढ्या घरात दोघीच कशा राहणार? ती म्हणाली, "महिनाभर बघते. झोप लागली नाही तर येते."

परवा मी न कळवता गेले. फ्लॅटची चौकशीही करून ठेवली होती. फाटकाला हात लावताच हवालदार मान लांबवून धावून आला. आतून वहिनीचा आवाज, "ये सुनंदा, चहा टाकलाय."

"न बघता कसं कळलं?"

"तुझ्यावर तो वेगळा ओरडतो. आता कोणावर कसा ओरडतो ते ओळखू येतं मला." कप पुढे करत ती म्हणाली, "आणि झोप लागते हं..."

फ्लॅटचा विषय मी काढलाच नाही. करवंदाची जाळी खिडकीच्या वर गेली होती. फाटकामागच्या खिळ्यावर दादाचे चामड्याचे हातमोजे होते, ते घातले आणि छाटायला घेतली. मोजे मला फारच मोठे. हवालदार दोन हात लांब उभा राहून शेवटपर्यंत माझ्यावर नजर ठेवून होता.